कौलाचं घर जयपुरात, गच्चीचं घर राजापुरात

तिलक नगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहून तुम्ही प्राध्यापक वसंतराव खांबेट्यांचं घर विचारलंत, तर कोणालाही सांगता येणार नाही. पण 'झोंपडीवाले प्रोफेसर साब' म्हणालात, की इस्त्रीवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळे एकाच दिशेला बोट दाखवतील. तिकडे ओळीने सपाट माथ्याची, गच्चीवर काळ्या टाक्या ठेवलेली घरं आहेत आणि त्यांच्यामध्ये एकच घर उतरत्या लाल कौलांचं.

ही मंगळुरी कौलं सरांनी ट्रक भरून आणवली होती. वर्षातले जेमतेम दोन महिने, तेही मनात आलं तर, पाऊस पडणाऱ्या या शहरात पाणी भरभर ओघळून जावं म्हणून छपराला झकास उतार दिला. पाणी काही फारसं ओघळलं नाही. जवळच्या मोती डुंगरी टेकडीवरची माकडं मात्र रोज घसरतात. असा उतार त्यांना अख्ख्या जयपुरात दुसरीकडे मिळत नाही, त्यामुळे ती लांबून येतात आणि सहकुटुंब येतात. सर दर वर्षी फुटलेली कौलं बदलतात आणि माकडांना भूगोल कळत नाही म्हणून त्यांना माफ करतात.

मी समोरच राहते. माझं नाव विनया, मूळची अमरावतीची, इथल्या एका इस्पितळात पॅथॉलॉजिस्ट होते. आयुष्यभर नमुना बघायचा आणि अहवाल द्यायचा हे माझं काम, पेशंटशी गोड बोलायचं काम दुसऱ्या डॉक्टरांचं. त्यामुळे माझी जीभ तिखट राहिली असं लोक म्हणतात. सरांबद्दल मी जे सांगते आहे ते त्यांच्या माघारी सांगते आहे असं समजू नका. त्यांच्या तोंडावर मी याहून वाईट बोलले आहे.

सर राजापूरचे. तरुणपणी जयपूरच्या कॉलेजात भूगोल शिकवायला आले, आणि आपण कोकणातले आहोत हे त्यांना इथे आल्यावर कळलं. राजापुरात ते कोणाला सांगायची वेळच आली नव्हती, कारण तिथे सगळेच कोकणातले. इथे मात्र पहिल्या दिवसापासून त्यांनी राजापूरचा परिचय करून द्यायला घेतला आणि तो अजून चालू आहे. राजापूर म्हणजे डोंगरांच्या खोलगट बशीत वसलेलं गाव. दोन नद्या. पावसाळ्यात बाजारपेठेत पाणी शिरतं, मग दुकानदार माल माळ्यावर चढवतात आणि पाणी उतरायची वाट बघत पत्ते कुटतात. एके काळचं मोठं बंदर, अरबांची गलबतं खाडीतून वर यायची. इंग्रजांची वखार होती, ती शिवाजी महाराजांनी खणून काढली. हे सगळं ऐकत कोण, तर झुंझुनू आणि नागौरकडची पोरं, ज्यांनी समुद्र टीव्हीवर पाहिलेला. त्यांनी राजस्थानच्या पर्जन्यमानावरच्या प्रश्नात राजापूरचं उदाहरण लिहिलं, आणि पेपर तपासायला सरच असल्यामुळे ती पासही झाली.

मे महिन्यात सर राजापूरला जात. तिथे पाऊल टाकलं की गाडी उलटी फिरे. मग राजापूरकरांना जयपूर ऐकावं लागे. एका राजाने आधी कागदावर आखून मग वसवलेलं शहर. नऊ चौकोन, काटकोनात रस्ते, दुकानांची रांग अशी की दोरी लावून बघा. नाहीतर तुमची ही पेठ, समोरून म्हैस आली की माणसाने लोकांच्या ओटीवर चढायचं. जयपुरात असले की 'आमच्या कोकणात', कोकणात गेले की 'आमच्या जयपुरात'. जिथे आपण उभे आहोत तिथे सांगण्यासारखं काही आहे, असं त्यांना कधी वाटलंच नाही.

सुमित्रा ही त्यांची बायको. ती जन्मापासून जयपूरची. तिचे वडील ग्वाल्हेरहून रेल्वेच्या नोकरीत इथे आले आणि किशनपोल बाजाराच्या मागे राहिले. तिची शाळा हिंदी, मैत्रिणी मारवाडी, त्यामुळे तिचं मराठी थांबत थांबत चालतं आणि अडलं की 'मतलब' म्हणून पुढे सरकतं. तिचं बालपण सगळं गच्चीवर गेलं. तिला ती 'छत' म्हणते. उन्हाळ्यात संध्याकाळी छतीवर पाणी मारायचं, दगड फुसफुसायचा, मग गाद्या टाकायच्या. तिथेच पापड, तिथेच मुगाच्या डाळीच्या मंगोड्या म्हणजे सांडगे, तिथेच अभ्यास आणि तिथेच भांडणं. आणि संक्रांतीला उजाडल्यापासून सगळं शहर छतीवर. सुमित्रा पतंग उडवण्यात इतकी तयार होती, की चार घरं पलीकडची मुलं तिचा पतंग ओळखून आपला उतरवून घ्यायची. हे मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, कारण सर खोलीत असले की तिला सलग चार वाक्यं बोलायला मिळत नसत. दुसऱ्या वाक्याला ते तिचं मराठी सुधारत आणि तिसरं स्वतःच पूर्ण करत.

तिलक नगरातलं घर बांधलं तेव्हा तिला विचारायचं सरांना सुचलंच नाही. कौलं चढली त्या दिवशी ती अंगणात मान वर करून उभी होती. म्हणाली, "अहो, पण वर चढायचं कुठून?"

"वर कशाला चढायचंय?" सर म्हणाले.

ती माझ्याकडे आली. त्या दिवसापासून माझी गच्ची अर्धी तिची झाली. तिच्या मंगोड्या माझ्याकडे वाळत, तिची चरखी आणि मांजा माझ्या जिन्याखाली असे. संक्रांतीला ती पदर खोचून 'वो काटाऽऽ' म्हणून ओरडायची, आणि खाली आपल्या फाटकाशी उभे राहून सर शेजाऱ्यांना जानेवारीत वारे कोणत्या दिशेने वाहतात ते सांगायचे. वर या म्हटलं तर म्हणत, "मला इथून दिसतंय."

निवृत्त झाल्यावर त्यांनी राजापूरला घर बांधायला काढलं. आता तरी चिऱ्याचं, कौलारू, पुढे पडवी असलेलं घर होईल असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं. पण सर राजापुरात पोहोचले की त्यांना जयपूर आठवतं, हे मी विसरले. त्यांनी तिथे सपाट गच्चीचं घर बांधलं. खिडक्यांना काचेऐवजी दगडी जाळी, दर्शनी बाजूला एक झरोका, आणि सगळ्याला बाहेरून जयपूरचा गेरूचा रंग. कंत्राटदारही हौशी निघाला. जन्मभर एकसारखी घरं बांधून तो कंटाळला होता. त्याने या घराचा फोटो आपल्या पाटीवर लावला.

"आणि गच्ची कशासाठी?" मी सरांना विचारलं.

"सुमित्रासाठी," ते म्हणाले. "तिची फार इच्छा होती."

इच्छा होती हे त्यांना माहीत होतं तर! जयपुरात, जिथे गच्चीशिवाय घराला घर म्हणत नाहीत, तिथे त्यांनी बायकोला कौलं दिली. आणि जिथे चार महिने आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो तिथे तिला गच्ची दिली. मी त्यांना हे असंच्या असं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही विदर्भातल्या, तुम्हाला दोन्ही हवामानं समजणार नाहीत."

सुमित्रा मात्र खरोखर खूश होती. होळीनंतर ती दोघं तिकडे राहायला गेली आणि तिचा फोन आला. "विनयाजी, छत मिळाली! मतलब, अपनी छत!" चैत्र-वैशाखात तिने तिथे पापड वाळवले, गाद्या टाकल्या, आणि एक दिवस पतंगही उडवला. साठी उलटलेली बाई एकटीच गच्चीवर पतंग उडवते हे बघायला शेजारची निशिगंधा आपली भाकरी तव्यावर तशीच टाकून बाहेर आली, आणि तिथून त्यांची मैत्री झाली.

मग मृग लागला, आणि पुढचं सगळं मला सुमित्राच्या फोनवरून कळत गेलं. गच्चीचं तळं झालं आणि तळ्याने दिवाणखान्यात उतरायला सुरुवात केली. जाळीतून पाऊस आडवा आत येई. गेरूचा रंग ओघळून अंगणात असा काही पसरला, की टपाल घेऊन आलेला माणूस बिचकून फाटकातच थांबला. सर या सगळ्यात अजिबात डगमगले नाहीत. गळक्या स्लॅबखाली बादली धरून उभ्या असलेल्या बायकोला त्यांनी नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दोन शाखा समजावून सांगितल्या. राजापुरात पाऊस किती पडतो हे आकड्यानिशी त्यांना जन्मभर पाठ होतं. तो आपल्याच घरावर पडेल एवढंच लक्षात आलं नव्हतं.

मार्ग सुमित्राने काढला. निशिगंधाच्या नवऱ्याला सांगून तिने गच्चीवर लोखंडी खांब उभे करवले आणि वर पत्रे घातले. तिकडे स्लॅबच्या घरांवर आता सगळेच घालतात. जाळीला आतून प्लास्टिक लावलं. झाली की कोरडी, चारी बाजूंनी वारा येणारी जागा! भर पावसात वाळवण घालता येईल अशी. आजूबाजूच्या बायका आपापले ओले कपडे घेऊन येऊ लागल्या, मग कपडे वाळेपर्यंत बसू लागल्या, आणि बसल्यावर विचारू लागल्या की काकू, तुमच्या जयपुरात काय करतात? सुमित्रा सांगायची. थांबत थांबत, मध्येच हिंदीत शिरत. त्या ऐकून घेत. कोणी तिचं वाक्य ओढून घेत नसे. महिन्याभरात ती 'जयपूरच्या काकू' झाली.

सरांना हे जड गेलं. कारण राजापुरात जयपूर सांगायचं काम आजवर त्यांचं होतं.

गणपतीत ते फुटलं. निशिगंधाकडे आरतीनंतर माणसं बसली होती. सरांनी संक्रांत काढली. जयपूरचं आकाश पतंगांनी कसं झाकून जातं, शहराच्या आखणीमुळे छती एकाच उंचीच्या कशा, आणि आम्ही सकाळपासून कसे गच्चीवर असायचो. "माझा हात धरणारा कोणी नव्हता गल्लीत," असंही म्हणाले. बोलण्याच्या भरात माणूस म्हणतो. तेवढ्यात सुमित्रा प्रसादाचं ताट ठेवता ठेवता सहज बोलून गेली, "ह्यांनी कधी पतंग नाही उडवला. आमच्या घराला छतच नव्हती. मी विनयाजींच्या छतीवर जायची."

सगळे हसले. वाईट अर्थाने नाही, हसण्यासारखंच होतं ते. पण सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांना पेन्शनचं काम आठवलं आणि ते जयपूरला निघून आले.

पेन्शनचं काम असं काही नव्हतंच. ते आले, कुलूप उघडलं, माकडांना हाकललं आणि राहिले. मी दोन दिवस वाट बघितली, मग सरळ विचारलं, "कधी जाताय परत?" म्हणाले, "पाऊस संपू दे." पाऊस संपला. मग म्हणाले, दिवाळी होऊ दे. दिवाळीला मुलगी सावनी पुण्याहून राजापूरला गेली, आईकडे. सर इथे माझ्याकडे जेवले आणि माझ्या चकल्यांवर बोलले. कोकणात चकलीची भाजणी कशी करतात हे त्यांना ठाऊक होतं.

दुपारी ते बाहेरच्या ओट्यावर बसत. पण राजापूर ऐकायला आता कोणी थांबत नव्हतं. जुने विद्यार्थी स्वतःच निवृत्त झाले होते. पलीकडच्या घरात पुण्याची हिमानी भाड्याने राहायला आली होती, शहराबाहेर सीतापुराच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याशा कंपनीत कामाला. मराठी मुलगी म्हणून सरांनी तिला धरलं, तर तिने अगदी गोड आवाजात सांगितलं, "काका, मी राजापूरला तीनदा जाऊन आलेय. ट्रेकिंगला." सर त्या दिवशी लवकर आत गेले.

रोज संध्याकाळी फोन व्हायचा. त्यांना कानाला यंत्र लागतं, त्यामुळे फोन मोठ्याने लावलेला असे आणि मला माझ्या दारातून सगळं ऐकू येई.

"कसं आहे तिकडे?" सर विचारत.

"गरम आहे. तिकडे?"

"इथे थंडी पडली. जेवलीस?"

"हो. तुम्ही?"

"हो."

संपलं. दोन वेधशाळा एकमेकींना अहवाल पाठवत होत्या. संक्रांतीच्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. आकाशात पाय ठेवायला जागा नव्हती, गल्लीतली सगळी माणसं वर होती, आणि हा गृहस्थ कौलांखाली दार लावून बसला होता. तुटलेला एक पतंग काढायला कौलांवर पोरं चढली तरी बाहेर आला नाही. मी जाऊन दार वाजवलं. डोळे लाल होते. मला म्हणाले, सर्दी झाली आहे.

मला एकाच गोष्टीची भीती होती. या वयात माणसाला एकटेपणाची सवय फार लवकर लागते. आणखी एखादं वर्ष असं गेलं असतं, तर ही दोघं कायमची वेगळी झाली असती आणि भांडण कधी झालं हेही त्यांना सांगता आलं नसतं. म्हणून मी सुमित्राला फोन केला आणि म्हटलं, "पुरे झालं. परत ये."

"मी नाही येणार, विनयाजी," ती म्हणाली. "इथे लोक माझं ऐकतात. मला आता माहीत झालं की मला बोलता येतं. ते सोडून मी पुन्हा गप्प बसायला येऊ?"

"मग त्याला बोलाव."

"नाही बोलावणार. बोलावलं तर ते आल्यावर मलाच समजावतील की ते माझ्यासाठी आले." मग म्हणाली, "पण ह्यांच्याशिवाय घास उतरत नाही हो. मतलब, कोणी टोकत नाही तर जेवताना चैन पडत नाही. पागल आहे मी."

पागल दोघंही होती. माझ्या हातात असतं तर दोघांचेही कान धरले असते.

मार्च सरत आला, जयपुरात कूलर खाली उतरले, आणि एका संध्याकाळी फोनचा सूर बदलला. मी माझ्या दारात कोथिंबीर निवडत होते.

"अहो, गंगा आली," सुमित्रा म्हणत होती.

राजापूरची गंगा म्हणजे गावाबाहेरच्या टेकडीवरचं नवल. एरवी तिथली दगडी कुंडं कोरडी असतात. दोन-तीन वर्षांतून केव्हातरी, कधी लवकर कधी उशिरा, वडाच्या मुळाशी एकाएकी पाणी येतं, कुंडं भरतात, माणसांची रीघ लागते, आणि काही दिवसांनी पाणी जसं आलं तसं निघून जातं. तिचं वर्णन सरांनी मला कितीदा ऐकवलं आहे याचा हिशेब नाही. आत्ताही त्यांनी श्वास घेतला आणि सुरुवात केली. जांभा दगड, त्यातल्या पोकळ्या, पोकळीत साठणारं पाणी, वक्रनलिका म्हणजे सायफन, पाण्याची पातळी वाकणाच्या वर गेली की एकदम होणारा उपसा. सुमित्राने सगळं ऐकून घेतलं.

"मला ते काही समजत नाही," ती म्हणाली. "मी गेले नाही अजून. सगळं गाव जाऊन आलं. मी एकटी जाऊन काय बघणार? कोणी सांगणारं पाहिजे ना."

मी कोथिंबीर निवडायची थांबले.

"किती दिवस राहील काही नेम नसतो तिचा," सर म्हणाले.

"हो. ते तर आहेच," सुमित्रा म्हणाली आणि फोन ठेवला.

सर माझ्याकडे आले आणि उभ्या उभ्या बोलू लागले. त्यांना काही जायची इच्छा नव्हती, पण सुमित्राला वक्रनलिका समजली नव्हती आणि निशिगंधाच्या नवऱ्याने तिला भलतंसलतं सांगितलं तर ते शास्त्राला धरून झालं नसतं. मी म्हटलं, शास्त्रासाठी जावंच लागेल तुम्हाला. आणि मी पण येते, कारण तुमचा भरवसा नाही. तुम्ही वाटेत कोट्यालाच उतरून परत याल.

गाडीत मला एक गोष्ट बघायची होती. 'आमच्या कोकणात'चं 'आमच्या जयपुरात' नेमकं कुठे होतं? रतलामपर्यंत ते समोरच्या कुटुंबाला राजापूरची बाजारपेठ सांगत होते. सुरतेला जरा अडखळले. वसईला चहा घेतला आणि बोलले नाहीत. पनवेल सुटलं तेव्हा नवीन आलेल्या बाईंना म्हणाले, "आमच्या जयपुरात असं काटकोनात असतं सगळं." मी पांघरूण ओढून घेतलं आणि हसले.

सुमित्रा फाटकात उभी होती. थोडी काळवंडली होती आणि चेहऱ्यावर तजेला होता. सरांकडे बघून म्हणाली, "वाळलात." सर म्हणाले, "इथे दमट आहे." इतक्या महिन्यांनी भेटलेली नवरा-बायको याहून जास्त काही बोलली नाहीत. पण जेवताना तिने त्यांना न विचारता तिसरी पोळी वाढली आणि त्यांनी ती न बोलता खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टेकडीवर गेलो. गंगा होती अजून. गर्दी होती, नारळ-फुलांची दुकानं होती, ओल्या कपड्यातली माणसं एका कुंडातून दुसऱ्या कुंडाकडे जात होती. पाणी स्वच्छ आणि शांत. मी बाहेरची, मला ते बघून खरंच भरून आलं. सर वडापाशी थांबले, चष्मा पुसला आणि वक्रनलिकेला हात घातला. सुमित्रा शेजारी उभी राहून विचारत होती, "म्हणजे खाली हौद आहे?", "आणि मग एकदम का येतं?" अगदी शहाण्या विद्यार्थिनीसारखी. दोन-चार माणसंही थांबून ऐकू लागली. सरांचा आवाज कितीतरी महिन्यांनी मोकळा झाला होता.

तेवढ्यात निशिगंधा कळशी घेऊन पायऱ्यांवरून वर आली.

"काकू, आज पण?" ती हसून म्हणाली. "पहिल्या दिवसापासून एक दिवस चुकवला नाही तुम्ही! तरी बरं, आज काकांना आणलंत."

आणि ती पुढे गेली. ऐकणारी माणसं एकमेकांकडे बघू लागली. सर वाक्याच्या मध्ये थांबले होते. मला वाटलं, झालं, आता हा माणूस इथून सरळ स्टेशनवर जाणार. मी त्यांचा दंड धरायच्या तयारीत होते.

"तू रोज येत होतीस?" सरांनी विचारलं.

"हो," सुमित्रा म्हणाली. "पाणी आलं त्याच सकाळी आले होते. निशिगंधाबरोबर."

"मग फोनवर म्हणालीस की..."

"तुमच्याजवळ सांगायला काही उरलं नाही, म्हणून तुम्ही निघून गेलात." ती थांबली नाही. "जयपूर मी सांगून टाकलं सगळं. मग मला वाटलं, हे तरी ठेवावं तुमच्यासाठी. मतलब, नाहीतर तुम्ही इथे राहणार कसे?"

सर कुंडाच्या कडेला दगडावर बसले. ऐकायला थांबलेली माणसं जाऊ लागली, तेव्हा त्यांनी मान वर केली आणि त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मी ही कधीच बघितलेली नाही. आज पहिल्यांदा बघतोय. लहानपणी ती आली की कधी मला गोवर, कधी मी आजोळी; पुढे मी असलो की ती यायची नाही, ती आली की मी जयपुरात."

कोणीच हसलं नाही. सुमित्रा खाली त्यांच्याजवळ बसली.

"त्या सकाळी कसं आलं ग पाणी?" त्यांनी विचारलं. "आवाज झाला का आधी?"

सुमित्राने जरा विचार केला. "आवाज नाही," ती म्हणाली. "पहिले मिट्टी गीली झाली. मतलब, दगडाच्या बाजूला..."

मी तिथून निघाले आणि खालच्या दुकानात चहा मिळतो का ते बघायला गेले. दोन कप चहा संपवून परत आले तरी ती सांगतच होती, आणि ते ऐकत होते.